२०० मेगापिक्सेलच्या फोनपुढे स्वस्त डीएसएलआर निकामी? एकेका मुद्द्याला उत्तर

मोबाइलवरून मोबाइलवर फिरणारा एक मजकूर आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फोनमध्ये २०० मेगापिक्सेल आले, सुरुवातीच्या किमतीतला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) २४ वरच राहिला. त्याच्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स टाकाऊ. जुना घ्यावा तर शटर संपलेलं. आणि डीएसएलआर हा प्रकारच बंद पडत चाललाय, तेव्हा पैसे पाण्यात. कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५०० घेऊन फोटोग्राफी शिकायला निघालेली पोरं हे वाचून मागे फिरतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी मेगापिक्सेल. सेन्सरवर किती पिक्सेल आहेत हे त्यावरून कळतं, एकेक पिक्सेल केवढा आहे ते कळत नाही. २०० मेगापिक्सेलच्या फोनमधला सेन्सर साधारण ९.८ × ७.३ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाएवढा. १५००डीचा २२.३ × १४.९ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळाने साडेचारपट. फोनचा पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कॅमेऱ्याचा ३.७ चा. आता लेन्सकडे या. एफ-आकडा लेन्सचं भोक किती उघडं आहे ते सांगतो, आकडा लहान तितकं भोक मोठं. एफ १.७ ला कितीही उत्तम लेन्स असली तरी हिरव्या प्रकाशाचा ठिपका ती सुमारे २.३ मायक्रॉनपेक्षा बारीक उमटवू शकत नाही. तो प्रकाशाचाच धर्म आहे. म्हणजे एकच ठिपका फोनच्या जवळपास चार पिक्सेलांच्या रुंदीवर पसरतो. फोन बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच असे फोन एरवी १६ पिक्सेलांचा एक करून १२ मेगापिक्सेलच्या आसपासचाच फोटो साठवतात. लग्नाच्या अल्बमचं १२ × १८ इंची पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला १९.४ मेगापिक्सेल लागतात. २४ मध्ये ते बसतं, वर थोडं कापायलाही जागा उरते.

किट लेन्सबद्दल मात्र मजकुरात अर्धं खरं आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. प्रकाश किती आत येणार हे लेन्सच्या भोकाच्या व्यासावर ठरतं: फोकल लेंग्थला (लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याला) एफ-आकड्याने भागा. किट लेन्स १८ मिलिमीटरला एफ ३.५ वर ५.१ मिलिमीटर उघडते, चांगल्या फोनची मुख्य लेन्स पावणेचारच्या आसपास. म्हणजे प्रकाश जेमतेम दुप्पट. त्यात फोन एकामागून एक फ्रेम घेऊन एकावर एक बसवतो. त्यामुळे रात्री रोषणाई केलेलं देऊळ हातात धरून काढायचं, तर फोनचा फोटो सरस येतो. कॅमेऱ्यावर तोच फोटो ट्रायपॉडवर लावून, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, एफ ८, ८ सेकंद आणि २ सेकंदांचा टायमर लावून काढावा लागतो. तसा काढला की दगडावरचं कोरीव काम स्वच्छ दिसतं.

पण समोरचं माणूस हललं की गणित उलटतं. संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात लेझीम चालली आहे असं धरा. फोनच्या नाइट मोडमध्ये दोन फ्रेमच्या मधल्या वेळात हात पुढे गेलेला असतो, तिथे एकतर दुहेरी सावली उमटते नाहीतर सगळं मेणासारखं गुळगुळीत होतं. किट लेन्सने ५५ ला एफ ५.६ च मिळतो. आयएसओ ३२०० करूनही शटर १/३० सेकंदावर येतं आणि हात फराटा होतात. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, समोरच्याचा नाही. आता ५० मिलिमीटर एफ १.८ ची लेन्स चढवा आणि एफ २ ठेवा. तीन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट), म्हणजे आठपट प्रकाश. त्याच आयएसओला १/२५० मिळतो, चेहरे थांबतात, लेझमीच्या चकत्या सुट्या दिसू लागतात. कॅननची ही लेन्स अवघी १६० ग्रॅमची. एन्ट्री-लेव्हल डीएसएलआर घ्यायचा तो यासाठी: लेन्स काढता येते.

‘किट लेन्सचे फोटो धूसर येतात’ या तक्रारीचं आणखी एक कारण सेटिंगमध्ये दडलेलं असतं. नवा कॅमेरा कुठला फोकस पॉइंट धरायचा ते स्वतः ठरवतो आणि बहुतेकदा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो. पुढे केलेला हात स्पष्ट, चेहरा मऊ. १५००डीमध्ये नऊपैकी फक्त मधला पॉइंट क्रॉस-टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा आहे. तोच निवडा, डोळ्यावर धरा, शटर अर्धं दाबून फ्रेम जुळवा. दिवसाउजेडी एफ ८ ठेवा आणि मग लेन्स टाकाऊ आहे का ते ठरवा.

जुन्या कॅमेऱ्याची भीती तपासणीने जाते. डी३५०० आता बनतच नाही, त्यामुळे तो बहुधा जुनाच मिळेल. निकॉनच्या मूळ जेपेग फाइलमध्ये शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा) नोंदलेला असतो. विकणाऱ्याकडून एडिट न केलेली फाइल मागा. १५००डीच्या फोटोत तो आकडा मिळत नाही, कॅमेरा यूएसबीने जोडून सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. मग कोऱ्या आभाळाचा एफ २२ ला, फोकस मुद्दाम बिघडवून फोटो काढा: काळे डाग म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते. झाकण लावून ३० सेकंदांचा फोटो काढा: रंगीत ठिपके म्हणजे हॉट पिक्सेल, सेन्सरवरचे बिघडलेले पिक्सेल. शेवटी लेन्स काढून अॅपर्चर (लेन्सचं भोक) पूर्ण उघडं असताना आरपार टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात बंद बॅगेत ठेवलेल्या लेन्सना हा रोग हमखास लागतो आणि काचेवरचा लेप खाल्ला गेला की तो परत येत नाही. अशी लेन्स स्वस्तातही घेऊ नका. आपली लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेल टाकून, ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा. तांदळात नको, त्याचं पीठ झूमच्या फटीत जातं.

प्रकार बंद पडतोय, हे खरं आहे. नवी मॉडेल्स मिररलेसच, म्हणजे आरसा नसलेलीच येतात. पण लेन्स वाया जात नाहीत. कॅननचं ईएफ माउंट (लेन्स बसवायची जोडणी) १९८७ पासूनचं आहे आणि त्या लेन्स अॅडाप्टर लावून कॅननच्या मिररलेस आर मालिकेवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनवाल्यांनी एक सांभाळावं: डी३५०० मध्ये फोकसची मोटर नाही, म्हणून ५० एफ १.८डी घेतली तर फोकस हातानेच करावा लागेल. ‘एएफ-एस’ लिहिलेली घ्या.

आणि ज्याला मुख्यतः व्हिडिओच करायचा आहे, त्याने हे दोन्ही कॅमेरे घेऊ नयेत. ४के नाही, बाहेरचा माइक लावायला जागा नाही, स्क्रीन वळत नाही, आणि व्हिडिओ चालू असताना फोकस पुढे-मागे चाचपडत राहतो. तिथे फोन खरोखरच चांगला.