आमच्या राईतल्या देवीला स्लॅब नको आहे

आज सकाळी माहेरच्या वाडीच्या ग्रुपवर एक चित्र आलं. आमच्या राईत, म्हणजे देवीच्या नावाने राखलेल्या रानात, बांधायचं नवं देऊळ, कॉम्प्युटरवर काढलेलं. आरसीसीचं, वर शिखर, समोर सभामंडप, खाली ग्रॅनाइट, बाजूला पेव्हर ब्लॉक टाकून गाड्या लावायला जागा. आणि देवळाच्या मागे निळंभोर मोकळं आभाळ. आमच्या राईत उभं राहून असं आभाळ कोणी पाहिलंय कधी? चित्र काढणाऱ्याने सगळी झाडं पुसून टाकली आहेत, आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागली आहे. जय देवी, जय देवी.

मी विचारलं, झाडांचं काय? उत्तर आलं, ‘ताई, अडचणीची तेवडीच काडूची आसत.’

अडचणीची! देवीच्या राईत देवीच्याच झाडांची अडचण! तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही माझं. दुपारचं जेवणही नीट गेलं नाही.

आमच्या राईत सातेरी आहे. मूर्ती नाही. वारूळ आहे, जमिनीतून आपसूक वर आलेलं. त्याच्याभोवती जांभ्याचा बुटका चौथरा, बाजूला राखणदाराचा पाषाण, बस्स. छप्पर नाही, दार नाही, कुलूप नाही. वर सातविण, किंजळ, ओवळ आणि माणसाच्या मांडीएवढी जाड गरंबीची वेल. उन्हाळ्याच्या तोंडाला सुरंगी फुलली की राईत शिरायच्या आधीच कळतं देवीपाशी आलो म्हणून.

आजीबरोबर मी तिथे जायची. एका पावसाळ्यात घरातली लाकडं भिजली होती, चूल पेटत नव्हती. शेतावरून येताना राईच्या कडेला एक वाळकी फांदी पडलेली दिसली आणि मी ती ओढत आणायला लागले. आजी म्हणाली, ‘ता देवाचा आसा. थंयच ठेव.’ रागावली नाही, आवाजही चढवला नाही. मी फांदी होती तिथे ठेवली. मग तिने मला चौथऱ्यापाशी नेऊन हात जोडायला लावले आणि घरी आल्यावर शेजारून सुक्या शेणी मागून आणल्या. पडलेली, मेलेली फांदी होती ती. आणि आता आम्ही उभी झाडं तोडायला निघालो आहोत, तेही देवीच्या नावाने पावती पुस्तकं छापून!

कोणी म्हणेल पाऊस लागतो, म्हाताऱ्या माणसांना जत्रेच्या दिवशी बसायला जागा नसते. खरं आहे. मग पत्र्याची एक शेड राईच्या बाहेर रस्त्याकडेला घाला ना. त्यासाठी देवीच्या डोक्यावर स्लॅब कशाला?

आपल्याकडे देव चार भिंतींत मावतो असं मानलं कधी होतं? आरवलीच्या वेतोबाला लोक चपला वाहतात, आणि त्या झिजलेल्या दिसतात असं सांगतात, कारण वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो. एवढं मोठं देऊळ आहे त्याचं, तरी लोकांची श्रद्धा आहे की देव रात्री तिथे नसतो, तो बांधाबांधावरून, पाणंदीतून चालत असतो. हे माझ्या आजीला माहीत होतं, तिच्या आजीला माहीत होतं. आपल्याच पिढीला देव एका जागी बसवून त्याच्यापुढे स्टीलचे कठडे लावायची हौस कुठून आली?

अरणचे सावता महाराज पंढरीला गेले नाहीत, मळ्यातच राहिले, तर आजही विठ्ठलाची पालखी अरणला त्यांना भेटायला जाते. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसायचे. आणि चोखोबांना तर आपण देवळात येऊच दिलं नाही, त्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. देऊळ बांधलं की दार आलं, आणि दार आलं की आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवणारा माणूस आला. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी येते. मानाची रांग वेगळी होते. हे सगळं आपण पाहिलेलं आहे, मी काही नवीन सांगत नाही.

राईतही सगळं चांगलं होतं असं नाही. महिन्याचे चार दिवस आम्हा बायकांना त्या वाटेनेही जाऊ देत नसत. तो राग माझ्या मनात आजही आहे.

पण एक सांगते. गावच्या मोठ्या देवळात आजी कधी तोंड उघडून बोलली नाही. तिथे गाऱ्हाणं घालणार गुरव, नाहीतर मानकरी. बायका मागे, खांबाशी उभ्या, डोक्यावर पदर. गाऱ्हाण्याला साथ देणारं ‘व्हय म्हाराजा’सुद्धा पुरुषांनीच म्हणायचं. राईत मात्र आजी स्वतः बोलायची. आजोबा गेले त्यानंतर ती मला घेऊन राईत गेली. फुलं नव्हती, नारळ नव्हता. वारुळापुढे बसली आणि देवीशी भांडली. खणखणीत आवाजात. तू आई ना, मग तुझं लक्ष कुठे होतं, माझं आता कोण, असं बरंच काही. मी घाबरून तिचा पदर धरून उभी होते. बोलून झाल्यावर ती तिथेच बसून राहिली. नंतर उठली, व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, तोंड धुतलं, माझंही धुतलं, आणि आम्ही घरी आलो. तेव्हाही वाटेवर वाळलेल्या काटक्या पडल्या होत्या. तिने एकही उचलली नाही. एवढी भांडली होती, तरी देवीचं ते देवीचं.

हे सभामंडपात झालं असतं? माइक लागलेला, समितीची माणसं खुर्च्या टाकून बसलेली, तिथे एक विधवा बाई जमिनीवर बसून देवीला जाब विचारू शकली असती?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. ग्रुपवर हात जोडणारी माणसंही माझीच आहेत. त्यांचंही देवीवर प्रेम आहे, तिला काहीतरी चांगलं द्यावं असं त्यांना मनापासून वाटतं. पण तिला हवं ते तिच्यापाशी आहे. राईतल्या त्या म्हाताऱ्या झाडांच्या ढोलीत धनेश पक्ष्याचं घरटं असतं. मादी आत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. एवढी ढोल यायला झाड किती जुनं लागतं! राई पावसाचं पाणी धरून ठेवते म्हणून व्हाळ होळीनंतरही वाहतो. आपल्या विहिरी त्यावर आहेत. ही देवी रोज आपल्या घरात पाणी पाठवते आहे, आणि आपण तिच्याकडे जेसीबी पाठवणार?

रविवारी वाडीची बैठक आहे. शनिवारी रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने मी निघते आहे. लग्न होऊन गेलेल्या मुलीने वाडीच्या कामात बोलू नये असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी तिथे तोंडावर सांगावं, मी ऐकून घेईन आणि तरीही बोलेन. वर्गणी मी द्यायला तयार आहे. राईबाहेर बायकांसाठी संडास बांधा, चढणीला जांभ्याच्या पायऱ्या घाला, चौथऱ्याचे निखळलेले चिरे बसवा, माझा हिस्सा पहिला लिहून घ्या. झाड तोडायला एक रुपया मिळणार नाही. मुंबई-ठाण्यातले जे वाडीकर हे वाचत आहेत आणि ज्यांना हे पटतं आहे, त्यांनी मला शनिवारी संध्याकाळपर्यंत फोन करा. जमलं तर सोबत चला. नाही जमलं तर ग्रुपवर आपल्या नावाने एवढंच लिहा की झाडं राहू देत.