पुढील स्टेशन, गप्प बस

पाच वर्षांखालच्या मुलांना रेल्वे फुकट नेते. हा नियम करणाऱ्याने मुलांचं वजन मोजलं असेल, त्यांना लागणारी जागाही मोजली असेल. आवाज मोजायचा मात्र राहून गेला. माझी साडेतीन वर्षांची लेक डोंबिवलीला एकदा गाडीत चढली की दादरपर्यंत तिचं तोंड मिटत नाही. मधे पंधरा स्टेशनं. स्लो लोकलच घ्यावी लागते, कारण कडेवर पोर घेऊन गर्दीच्या फास्टमध्ये शिरायचं तर आधी दोघींचा विमा उतरवायला हवा.

तिची पहिली मैत्रीण म्हणजे डब्यातली अनाउन्समेंटवाली बाई. ‘पुढील स्टेशन, कोपर,’ ती म्हणते. लेक छताकडे बघून म्हणते, ‘बरं.’ तेच हिंदीत येतं. ‘हो, कळलं.’ मग इंग्रजीत येतं, तेव्हा कमरेवर हात ठेवून, ‘अगं, किती वेळा सांगशील!’ हा सूर तिने कुठून उचलला, हे डब्यातल्या सगळ्या जणी माझ्याकडे बघून ताडतात.

लेडीज डब्यात गुड मॉर्निंग वगैरे चालत नाही. ‘कुठे उतरणार?’ हेच तिथलं अभिवादन. उभी असलेली बाई बसलेलीला विचारते, आणि उत्तर मिळालं की ती सीट तिच्या नावावर लागते. कागद नाही, सही नाही, पण व्यवहार पक्का. आमच्या बाईसाहेबांनी हे बरोबर हेरलंय. माझ्या मांडीवरून उतरून तिने एकेकीला गाठायला सुरुवात केली. ‘तू कुठे उतरणार?’ झोपलेलीलासुद्धा, गुडघा हलवून. आणि मग मोठ्यांदा जाहीर करायचं: ‘हिरवी मावशी मुलुंड! मोबाईलवाली ताई भांडुप! ही सांगतच नाही!’

मुंब्र्यापर्यंत उभ्या बायका थेट तिच्याकडे चौकशी करू लागल्या. कळव्याला तिने बुकिंग सुरू केलं. ठाण्याला बाहेरचा लोंढा आत आला आणि तिच्या धंद्याला बरकत आली. एकीने तिच्या क्लिपचं कौतुक केलं, तिला घाटकोपरची खिडकी. दुसरीने चिक्की दिली, तिलाही घाटकोपरची खिडकी. तिसरीने नुसतं ‘गोड आहेस गं’ म्हटलं, तिलाही तीच. एक जागा तिघींना विकायची, म्हणजे बिल्डर होण्याचे सगळे गुण. घाटकोपरला तिघी एकदम वळल्या, ‘मी आधी सांगितलं होतं!’ झालं, आणि दोन मिनिटांनी तिघींनाही एकदम आठवलं की या मुलीला आईसुद्धा आहे. मी पर्समध्ये तोंड खुपसून पास शोधत राहिले. पास मागितला कुणीच नव्हता.

तरी तिचे प्रश्न परवडतात. उत्तरं सुरू झाली की माझ्या पोटात गोळा येतो. समोर मटार सोलत बसलेल्या एका मावशींनी, वातावरण निवळावं म्हणून, विचारलं, ‘घरी कोण कोण असतं गं?’

‘बाबा. बाबा घोरतो. आई त्याला लाथ मारते.’

मटार थांबले.

‘आणि आजी. आजी एकादशीला कांदाभजी खाते. दार लावून. कुणाला सांगायचं नाही.’

मी तिच्या तोंडात उरलेली चिक्की कोंबेपर्यंत कोपऱ्यात पोथी वाचत बसलेल्या एका काकूंनी चष्मा वर केला. ‘कुठे राहते गं तुझी आजी?’

आता, हरवली तर सांगता यावा म्हणून पूर्ण पत्ता मीच तिच्याकडून घोकून घेतलाय. तिने तो चिक्की चावत, खणखणीत आवाजात, सोसायटी, विंग, मजल्यासकट म्हणून दाखवला. पिनकोडसुद्धा सोडला नाही.

काकूंनी पोथी मिटली. ‘अगंबाई! म्हणजे आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्याच का?’

‘हो,’ लेक म्हणाली. ‘तुला पण हवीत का भजी?’