गोवा तुझा, जागा तू बघ

गोव्यात राहणाऱ्या माणसाला नातेवाइकांची ददात कधी पडत नाही. ऑक्टोबर सरता सरता त्यांना आपली आठवण येऊ लागते, नोव्हेंबरात आपल्या प्रकृतीची चौकशी होते आणि डिसेंबरात तिकिटं निघतात. याची आम्हाला सवय आहे. पाहुणे येतात, कळंगुटला जाऊन वाळू घेऊन येतात, ती आमच्या सोफ्यात ठेवतात आणि परत जातात. यंदा मात्र पुण्याच्या साडूभाऊंनी फोनवर सांगितलं, "समुद्र बास झाला. यंदा जंगल. डोंगराचा पायथा, दाट झाडी, समोर तलाव आणि काठावर आपला तंबू. तंबू मी घेतलाय, आठ माणसांचा. जागा तू बघ. गोवा तुझा."

गोवा 3,702 चौरस किलोमीटर. त्यातला माझा म्हणजे फोंड्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, तोही अजून बँकेचाच. पण ताईंच्या, म्हणजे भाऊंच्या बायकोच्या, घरी अशी ठाम समजूत आहे की मी सकाळी उठून सह्याद्रीला हात लावून येतो आणि मगच कामावर जातो.

भाऊ स्वतः स्वस्थ बसले नव्हते. उपग्रहाच्या नकाशावर ते तलाव शोधायचे आणि मला पाठवायचे. पहिला तलाव बघून ताई हरखून गेल्या. डिचोलीकडचा, हिरवट निळं पाणी, भोवती पायऱ्यापायऱ्यांचे लाल कडे, माणूस औषधाला नाही. "एवढा सुंदर तलाव तुमच्याकडे, आणि तुम्ही आम्हाला दर वर्षी शेकोट्या बघायला बीचवर पाठवता?" ती खनिजाची खाण होती. 2012 साली खाणी बंद पडल्या, पाणी उपसणारे पंप थांबले, खड्डे पावसाने भरले, आणि आता वरून बघणाऱ्याला काश्मीर वाटतं. त्या पायऱ्या खनिज काढताना कापलेल्या. एवढं सगळं समजावल्यावर भाऊ म्हणाले, "म्हणजे गर्दी नसेल ना?" त्यानंतर आलेला तलाव खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीतलं, कोळंबीचं तळं निघालं.

शेवटी घरच्या सगळ्यांच्या अटी एकदा लिहून घ्याव्यात म्हणून बसलो. नमनालाच घडाभर तेल गेलं. भाऊंना एकांत हवा होता. ताईंना एकांत चालणार होता, पण नेटवर्क पाहिजे, नाहीतर एकांतात आहोत हे लोकांना कळणार कसं? माझ्या बायकोचं म्हणणं, जंगल चालेल पण त्यात साप नको. आईला कमोड पाहिजे, आणि सकाळी दर्शनाला जवळ एखादं देऊळ. भाच्याला वाघ हवा. माझ्या मुलीला भाचा सोबत नको. तलाव सगळ्यांनाच हवा होता, डास कोणालाच नको होते. आमचं जे राहतं घर आहे त्याला या सगळ्या अटींपैकी सर्वांत जास्त लागू होतात, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण बोललो असतो तर मीच उत्साहावर पाणी टाकतो असं झालं असतं.

त्यात मुहूर्ताचं रामायण वेगळं. जून ते सप्टेंबर आमच्या जंगलात राहतात ते जळवा आणि पाऊस, तिसऱ्याला जागा नाही. धबधब्यांवर माणसं बुडायला लागल्यावर जुलै 2023 मध्ये वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर प्रवेशच बंद केला होता. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर ढोल वाजवत येतो, आणि वीज पडायची तर ती उंच झाडावर, म्हणजे नेमकी तंबूच्या सावलीसाठी आपण निवडलेल्यावर. जानेवारी उलटला की पाचोळ्यात गोचिड्या. 2015 साली सत्तरीत माकडतापाची साथ आली ती या गोचिडीच्याच कृपेने. भाच्याला मी हे मुद्दाम सविस्तर सांगितलं. त्याचा उत्साह वाढला. मार्चमध्ये जंगल पेटतं. 2023 च्या मार्चमध्ये म्हादईच्या रानात वणवे लागले तेव्हा हेलिकॉप्टरांनी पाणी ओतावं लागलं होतं. उरला डिसेंबर. आणि डिसेंबरात गोव्यात तंबूच काय, स्कूटर उभी करायला जागा मिळत नाही.

तरी निघालो. आधी मयेचा तलाव, कारण तो जवळ. डोंगराच्या कुशीत आहे, झाडी आहे, पाणी आहे. भाऊंनी काठावरच्या पायाने मारायच्या होड्या बघितल्या, एका सहलीतली मुलं बघितली, आणि गाडीतून उतरलेच नाहीत. "हे पार्क आहे," म्हणाले. त्या एका शब्दात त्यांनी मये निकालात काढलं.

साळावलीला मात्र सगळे गप्प झाले. धरणाचा तो बदकाच्या चोचीसारखा सांडवा, भरलेलं असताना पाणी गोल कड्यावरून आत कोसळतं तो, बघून भाऊंनी तिथेच तंबूची पिशवी सोडायला घेतली. पण ते दक्षिण गोव्याचं पिण्याचं पाणी. काठावर सात माणसं, एक स्टोव्ह आणि सकाळचा कार्यक्रम हे सगळं मडगावकरांच्या नळाला जोडायचं म्हणजे जरा जास्तच. शिवाय धरणाचा काठ हा भरवशाचा काठ नव्हे. आज पाण्यालगत तंबू ठोकावा तर उन्हाळ्यापर्यंत पाणी अर्धा डोंगर उतरून गेलेलं असतं आणि मध्ये भेगाळलेला चिखल. मे महिन्यात तर या पाण्याखालचं कुर्डी गाव वर येतं, गावची माणसं आपापल्या घरांची जोती शोधत परत येतात, देवळाशी उत्सव करतात. आईला गाण्याचं वेड. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव हेच, म्हटल्यावर तिने पाण्याला हात जोडले आणि जाहीर केलं, "बुडालेल्या गावाच्या उशाशी मी झोपायची नाही." आईने जाहीर केलं की आमच्याकडे अपील नसतं.

अंजुण्याचं धरण चोर्ला घाटातून फार देखणं दिसतं. घाटातूनच. खाली उतरेपर्यंत ताईंच्या फोनवरचं नेटवर्क गेलं आणि त्यांचा चेहरा असा उतरला की भाऊंनी न बोलता गाडी वळवली. वाटेत भाच्याने विचारलं, "काका, मगर नसते का तुमच्याकडे?" मी म्हटलं, असते, कुंभारजुव्याच्या कालव्यात. तिथले लोक तिची मातीची मूर्ती करून पूजाही करतात. यावर मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "अहो, तुम्ही जागा शोधताय की पोराला पेटवताय?"

राहिलं खरं जंगल. गोव्यात त्याला तोटा नाही. म्हादई, नेत्रावळी, मोले, खोतीगाव, बोंडला मिळून राज्याचा पाचवा हिस्सा राखीव आहे. म्हणजे नकाशावर जिथे जिथे गडद हिरवं दिसतं तिथे तिथे आपण नसावं अशी सरकारची इच्छा आहे, आणि गव्यांचीही तीच. तसं वन खात्याच्या परवानगीने, त्यांच्याच कॉटेजमध्ये राहता येतं. पण भाऊंना भिंतीचं नाव नको. आम्ही एका नाक्यावर गेलो. तिथला गार्ड पेपर वाचत होता. तंबूचं गाठोडं बघून त्याने पेपर न ठेवताच सांगितलं, "बाब, हांगा राबूंक मेळना." म्हणजे इथे मुक्काम करता येणार नाही.

भाऊंनी आपलं म्हणणं पुण्याच्या पद्धतीने, म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा मुद्दा असं मांडलं. निसर्गप्रेम, कचरा परत नेण्याची हमी, छोटीशी शेकोटी. शेकोटी ऐकल्यावर पेपर खाली आला. अभयारण्यात आग पेटवायला 1972 च्या कायद्यानेच बंदी आहे, हे त्याने शांतपणे सांगितलं. मग तंबूकडे बघून म्हणाला, "रातीं गवे येतात. त्यांना दोऱ्या दिसत नाहीत." पूर्ण वाढलेला गवा एक टनाच्या आसपास जातो. तंबूची दोरी पायात अडकली तर तो सॉरी म्हणायला थांबणार नाही. बायको तेवढ्यात गाडीत जाऊन बसली होती, काच वर करून.

"मग वाघ?" भाच्याने विचारलं.

"आसा," गार्ड म्हणाला. पोरगं धन्य झालं. खरं तर 2020 च्या जानेवारीत म्हादईत चार वाघ विष घालून मारले गेले, तेव्हापासून वाघाला भ्यायचं की वाघापुढे मान खाली घालायची, हे मला तरी ठरवता येत नाही. पण नाताळच्या सुट्टीत, गाडीत सहा माणसं आणि एक भुकेलं पोर असताना हा विषय काढायचा नसतो.

तिथून पुढे सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, एक मोकळी जागा दिसली. झाडी पायथ्याशी, वारा छान, लांबवर कुठलं तरी पाणी चमकत होतं. राखीव हद्दीची पाटी नाही, कोणाचं कुंपण नाही. भाऊंनी गार्डचा राग तिथे काढायचं ठरवलं. तंबू पसरला, रबरी हातोडा काढला, पहिली खुंटी ठेवून घाव घातला. खुंटी वाकली. दुसरी वाकली. तिसरीचा आकडा झाला. आता या राज्यात गेली कित्येक शतकं लोक जमिनीतून जांभ्याचा चिरा कापून काढतात आणि त्याचीच घरं बांधतात, देवळं बांधतात, पोर्तुगीजांनी तर किल्ले बांधले. त्या जांभ्यात भाऊ पुण्याहून आणलेली ॲल्युमिनियमची काडी ठोकत होते. मी म्हटलं, "भाऊ, दगड बांधा दोऱ्यांना." ते म्हणाले, "पुस्तिकेत खुंटी सांगितली आहे." सूर्य कलला तरी पुस्तिका आणि सडा यांच्यात समेट होईना. तेवढ्यात एक म्हातारा गुरं घेऊन जाताना थांबला, सगळं बघितलं, आणि ही जागा राखणदाराची वाट आहे, रात्री वाटेत आडवं झोपू नये, एवढंच सांगून गेला. कोण राखणदार, हे ताईंनी विचारलं. गावाची राखण करणारा, रात्री फेरी मारतो, हातात काठी असते, असं मी सांगितलं. पुढच्या पाच मिनिटांत आठ माणसांचा तंबू पिशवीत परत गेला. कारखान्यालासुद्धा तो इतक्या लवकर घडी घालता आला नसता.

शेवटी सत्तरीत ओळखीच्या एका काकांचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आहे, तिथे फोन केला. काका म्हणाले, "येवा." भात शिजवू का, एवढंच विचारलं.

कुळागरात शिरल्यावर सगळ्यांचं समाधान झालं, कारण प्रत्येकाने आपली अट गुपचूप निम्मी केली होती. डोंगराचा पायथा होता. माडीच्या, म्हणजे सुपारीच्या, सरळसोट बागा, त्यांवर चढलेली मिरवेल, मधून केळी, म्हणजे झाडी झाली. तलावाची अट तळीवर भागली. आमच्या स्वयंपाकघरापेक्षा ती थोडी मोठी होती. आईला पंख्याखाली खाट आणि कमोड मिळाला, देऊळ तर हाकेच्या अंतरावर. एका फणसाच्या बुंध्याला टेकून उभं राहिलं तर ताईंना दोन दांडे नेटवर्क येत होतं, आणि त्या संध्याकाळभर त्या बुंध्यापासून हलल्या नाहीत.

तंबूची जागा मात्र भाऊंनीच निवडायची होती. आधी अंगणात ठोकू म्हणाले. काकांनी वर बोट दाखवलं. वर नारळाचा घड होता. "माडाखाली निजू नका, तो सांगून टाकत नाही." मग गोठ्याशेजारी, तिथे ताईंनी नाकाला पदर लावला. मग भाऊ बागेत आत गेले आणि तिथून त्यांची आनंदाची आरोळी आली. माडींच्या दोन ओळींमध्ये सपाट, काळी, भुसभुशीत जागा. खुंटी अंगठ्याने दाबली तरी आत जात होती. काकांनी काही तरी सांगायला तोंड उघडलं, पण भाऊ पुस्तिकेतलं मोठ्याने वाचत होते, "जमीन मऊ व किंचित उताराची असावी." उतार होता. मऊपणा तर विचारूच नका. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांना एवढं आवडलंय तर राहू दे. मला पाट धरायचाय पहाटे, पण उठतील तोवर."

आठ माणसांच्या तंबूत आम्ही चौघं मावलो, तेही भाच्याला दाराशी आडवा टाकून. आठ हा आकडा काढणाऱ्याने माणसं उशी घेत नाहीत, कूस बदलत नाहीत आणि घोरत नाहीत असं धरलेलं असणार. मध्यरात्रीनंतर दंव पडलं. बाहेर पडलं ते ठीक, पण आमच्याच श्वासाचं पाणी होऊन ते आतूनही पडायला लागलं. रातकिडे थांबले की डास सुरू होत. भाऊ मात्र अंधारात म्हणत होते, "हाच तो आवाज! पाण्याचा आवाज ऐकू येतोय का रे?"

येत होता. जवळून येत होता. माडीला डिसेंबरपासून पाणी लागतं, आणि जुन्या कुळागरात ते पाटाने येतं, ओहोळाच्या बांधावरून ओळीओळीने सोडलेलं, उताराकडे, मऊ जमिनीत. काकांनी पहाटे फळी काढली आणि पाणी आपल्या नेहमीच्या रस्त्याने निघालं. ते तंबूत शिरलं तेव्हा पहिल्यांदा भाच्याच्या अंगाखालून गेलं, आणि तो झोपेत ओरडला, "मगर!" मग खुंट्या सुटल्या, छप्पर बसलं, आणि चारही माणसं एकाच दाराने एकदम बाहेर निघाली.

काका कुदळ खांद्यावर टाकून बांधावर उभे होते. हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. "पाट फिरवू का?" त्यांनी विचारलं, "पण मग पलीकडची ओळ कोरडी राहते." भाऊ पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे, हातात भिजलेली पुस्तिका. पुण्याचा माणूस, पाण्याच्या पाळीचं महत्त्व त्याला सांगायला लागत नाही. "नको नको, येऊ दे," म्हणाले.

"मग आता उठलाच आहात," काका म्हणाले, "तर पडलेली सुपारी वेचू लागा. पाण्याबरोबर वाहून जाते." आणि त्यांनी भाऊंच्या हातात टोपली दिली. ओट्यावरून आई चहाचा कप घेऊन सांगत होती, "पिवळ्या झालेल्या तेवढ्याच उचला हो भाऊ. आणि तो तंबू नंतर काढा, त्याने पाणी अडतंय."