दोन खोल्या, दोन कुलपं, एक स्टेनगन

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी, ऐन आंबा-काजूच्या दिवसांत, सिंधुदुर्गातल्या आमच्या घरची बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. दर निवडणुकीला होते. ठासणीची एकनळी, परवाना शेतीसंरक्षणाचा. आजोबांच्या नावावरून काकांच्या आणि आता चुलतभावाच्या नावावर आलेली. बंदूक ठाण्यात आणि वानरं कलमांवर. चुलतभावाने तेव्हा घरच्या ग्रुपवर जो संताप काढला, त्याचा शेवट माझ्यावर झाला. "तुमच्या थंय लोक मशिनगनी घरात ठेवतत, नि आमी हयसर एका ठासणीच्या बंदुकेसाठी ठाण्याचे फेरे मारतंव!"

तेव्हापासून हा वाद निवडणूक नसतानाही उफाळतो. एक गट म्हणतो, परवाने अमेरिकेसारखे सोपे करा. दुसरा म्हणतो, तिकडे शाळांत गोळ्या चालतात, तेच हवंय का? दाखला दोघांनाही परदेशाचाच द्यायचा असतो. मी कॅनडात, मिसिसागाला राहते. आणि चुलतभाऊ म्हणतो ती मशिनगन माझ्या शेजारच्या घरात खरोखरच आहे.

शेजारी सत्तरी ओलांडलेले, एकटे. त्यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धातली एक स्टेनगन आहे. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा खरं सांगायचं तर हसू आलं. प्लंबरने उरलेल्या पाइपांतून जोडल्यासारखी दिसते. नळकांडं, मागे वाकवलेल्या लोखंडाचा दस्ता, डाव्या बाजूला आडवी बसणारी बत्तीस गोळ्यांची मॅगझिन. घाईत आणि स्वस्तात लाखोंनी बनवता यावी म्हणूनच तिची रचना अशी. ही बनली आमच्याच गावात, लाँग ब्रांचच्या शस्त्र कारखान्यात, जिथे युद्धकाळात कामगारांत बायकांची संख्या मोठी होती. कारखाना गेला, तपासणीची इमारत लेकशोर रोडवर उभी आहे आणि तिथे आता चित्रप्रदर्शनं भरतात.

पण मी पाहिली ती अर्धीच बंदूक. तिचा बोल्ट, म्हणजे आतला मागे-पुढे धावणारा लोखंडी ठोकळा, दुसऱ्या खोलीत वेगळ्या कुलपात होता. नियमच तसा आहे. स्वयंचलित बंदुकीचा बोल्ट निघत असेल तर तो काढून दुसऱ्या कुलूपबंद खोलीत ठेवायचा. ही बंदूक रेंजवर नेऊन झाडायची परवानगीही त्यांना मिळत नाही. महिन्याकाठी तेल लावायचं आणि परत ठेवायची. आमची आजी खंडेनवमीला एकनळीच्या दस्त्याला गंध लावून झेंडू वाहायची, तेवढंच काय ते माझ्या ओळखीचं वाटलं.

आता ही त्यांच्याकडे कशी? मुंबईच्या वाचकाला हे एका शब्दात कळेल: कट-ऑफ. झोपड्यांना तारीख असते ना, अमुक साली होती ती अधिकृत, नंतरची नाही, तशीच. कॅनडाने पूर्ण स्वयंचलित बंदुका १ जानेवारी १९७८ पासून प्रतिबंधित केल्या, पण त्या दिवशी ज्यांच्याकडे त्या रीतसर नोंदलेल्या होत्या त्यांच्या काढून घेतल्या नाहीत. १९९५ च्या शस्त्र कायद्याने या लोकांचं वेगळं पोटकलम केलं, बारा-दोन. संग्राहक स्वतःची ओळखही "मी बारा-दोन" अशीच करून देतात. अट अशी की १९७८ च्या त्या दिवशी तुमच्याकडे अशी बंदूक हवी, नवा कायदा लागू झाला तेव्हा तिची नोंद हवी आणि त्यानंतर एक दिवसही खंड नको. शेवटची बंदूक विकली की दर्जा गेला, पुन्हा मिळत नाही. त्यांना एकमेकांत खरेदी-विक्री करता येते, बाहेरच्याला नाही.

फरक एवढाच की आपल्याकडची तारीख पुढे सरकते. १९९५ ची २००० झाली, मग २०११ पर्यंतच्यांनाही पैसे भरून घरं. इथली तारीख जवळपास पन्नास वर्षांत हललेली नाही. तेव्हा जो अठरा वर्षांचा होता तो आज पासष्टीपुढे. म्हणजे बारा-दोनवाल्यांचा हा असा क्लब आहे जिथे नवा सभासद येतच नाही. कायद्याला कोणाच्या दारात जाऊन बंदूक हिसकावायची नाही. तो ओसरीवर बसून वाट पाहतोय.

चुलतभावाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग अमेरिका बरी. तिथलाही हिशोब ऐकण्यासारखा आहे. १९३४ च्या कायद्याने मशिनगनच्या हस्तांतरावर दोनशे डॉलर कर बसवला. तेव्हा नव्या टॉमीगनचीच, म्हणजे त्या काळच्या गाजलेल्या मशिनगनची, किंमत साधारण तेवढी होती, म्हणजे कर नव्हे, दार बंदच. तो आकडा आजही दोनशेच आहे. खरं बंधन आलं १९ मे १९८६ ला. त्या दिवसापर्यंत नोंदलेल्या मशिनगनच खासगी माणसाला घेता येतात, नव्या नाहीत. पण तिथे गोठवली ती बंदुकांची यादी, माणसांची नव्हे. पात्र असेल त्याने विकत घ्यावी, मुलाला वारशाने द्यावी. सुमारे पावणेदोन लाख बंदुका आणि वाढती गिऱ्हाइकं. दुसरं काय होणार? जुन्या एम-सोळाला तीस हजार डॉलरच्या वर भाव गेला. माझा डॅलसचा मावसभाऊ त्यांच्याविषयी पुण्यातल्या प्लॉटसारखं बोलतो. तिथली मशिनगन गुंतवणूक झाली, इथली ओझं. आणि दोन्ही कायदे मुळात एकच वाक्य बोलतात: आहे ते राहू दे, नवं नको.

मी स्वतः लास व्हेगसला पैसे मोजून एकदा मशिनगन झाडली आहे. बोट दाबलं, नळी आपोआप वर जायला लागली, मागच्या प्रशिक्षकाने खांदा धरला आणि काय होतंय हे कळेपर्यंत मॅगझिन रिकामी. चारेक सेकंद. त्यानंतर ही वस्तू कोणालाही सहज मिळावी असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. १९९३ नंतर 'एके छप्पन' हा शब्द मुंबईच्या तोंडी बसला आणि २००८ मध्ये हातात फक्त लाठी असलेल्या तुकाराम ओंबळेंनी एके-४७ ची नळी धरून ठेवली. स्वयंचलित बंदूक म्हटली की मराठी माणसाला आठवतं ते हे. जुनी म्हणून ती गोंडस होत नाही.

तरीही नोंदलेल्या जुन्या मशिनगनी हा मुख्य धोका नाही, हे मान्य करायला हवं. अमेरिकेत अशा बंदुकीने गुन्हा घडल्याची उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. १९८९ मध्ये माँट्रियालला चौदा जणींना मारणाऱ्याची रायफल अर्धस्वयंचलित, म्हणजे चापाच्या प्रत्येक दाबाला एकच गोळी सोडणारी होती, कायदेशीर मिळालेली.

म्हणून मला कॅनडाची गोठवण पटते, तिचा शेवट पटत नाही. माझे शेजारी गेले की स्टेनगन दुसऱ्या बारा-दोनवाल्याकडे जाईल (तोही म्हाताराच), संग्रहालयाने घेतली तर तिथे, नाहीतर वेल्डिंग करून निकामी किंवा पोलिसांमार्फत भट्टीत. गंमत म्हणजे १९४६ पूर्वीच्या काही छोट्या पिस्तुलांना त्याच १९९५ च्या कायद्याने मुलानातवंडांकडे जाण्याची वाट ठेवली होती. खिशात मावणारं पिस्तूल वारसा, दोन कुलपांत दुभंगलेली स्टेनगन नाही. बोल्टशिवायची, झाडता न येणारी बंदूक कुटुंबात ठेवू द्यायला काय हरकत होती, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आणि हाच डोळा घरच्या कायद्याकडे वळवला की चुलतभावाचं निम्मं बरोबर वाटतं. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात अशा बंदुकांना आपला १९५९ चा कायदा आधीच 'प्रतिबंधित शस्त्रं' म्हणतो. त्याबद्दल वाद नाही. पण २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या. विधेयकात तर एकच होती. जुनी राजघराणी आणि इतरांनी ओरड केल्यावर दोन झाल्या. वारशाने आलेल्याही त्याच दोनांत. यात बंदुकीचा प्रकार कोणी पाहिला? आजोबांची ठासणीची आणि आधुनिक रायफल, दोन्हींची किंमत एक-एक. मोजणं सोपं, म्हणून मोजलं. निवडणुकीतही तेच. ठाण्याच्या कोपऱ्यात सुतळीने चिठ्ठी बांधून उभ्या केलेल्या त्या एकनळ्यांनी कुठलं मतदान केंद्र लुटलं जाणार होतं? परवाने वाटत सुटा असं मी म्हणत नाही. एकदा ठासायला जिला अर्धा-एक मिनिट लागतो आणि जिची मॅगझिन चार सेकंदांत संपते, त्यांतला फरक कायद्याला दिसावा, इतकंच. कॅनडाच्या कायद्याला तो दिसतो.

शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी एका संग्रहालयाला पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं, आमच्याकडे स्टेनगन आधीच आहेत, आभारी आहोत. पत्र त्यांनी मला दाखवलं, घडी करून चष्म्याच्या डबीखाली ठेवलं. मग माझ्या बोटांचे ठसे तेलाच्या फडक्याने नळीवरून पुसले, ती तिजोरीत ठेवली आणि बोल्टच्या खोलीचं कुलूप नीट लागलंय ना ते पाहायला आत गेले.