अंतरपाट सरकताना

घरात डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, आला की माणूस आपोआप नातेवाइकांचा छायाचित्रकार होतो. पगार नाही आणि राजीनाम्याची सोयही नाही. "फोटोवाले आहेतच रे, पण तुझ्या कॅमेऱ्यात मागचं कसं छान धूसर येतं!" असं आत्या म्हणते. तिला काय सांगणार? सुरुवातीच्या लग्नांत मागचं स्वच्छ येतं, धूसर येतात ते नवरा-नवरी.

मंगल कार्यालय ही वास्तू फोटो बिघडवण्यासाठीच बांधतात, असं माझं ठाम मत आहे. आपल्या डोळ्यांना जो झगमगाट वाटतो, तो कॅमेऱ्याला तिन्हीसांजेच्या जिन्याइतका अंधारा वाटतो. त्यामुळे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, 1600 ते 3200 लावायला लाजू नये. त्याने फोटोत उमटणारे दाणे नंतर संगणकावर कमी करता येतात. हललेली आत्या स्थिर करता येत नाही. कॅमेऱ्यासोबत मिळालेली 18-55 मिमीची झूम लेन्स ही हात आखडून वाढणाऱ्या वाढप्यासारखी असते. 18 ला ती एफ/3.5 इतकी उघडते (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं तोंड लहान), 55 पर्यंत झूम केलं की एफ/5.6 वर येते आणि उजेड अडीच पटींनी घटतो. म्हणून झूम फिरवण्यापेक्षा दोन पावलं पुढे जावं. वाटेत कुणाचा तरी शालू असतो, तेवढा सांभाळावा.

कॅमेऱ्यावरचा उघडणारा फ्लॅश मी मिटलेलाच ठेवतो. आयएसओ 100 आणि एफ/4 ला तो जेमतेम तीन मीटर पोचतो. आयएसओ वाढवला की पोच वाढते, पण चेहरे चुना लावल्यासारखे होतात, आणि लेन्सच्या तोंडावरचं हूड काढायला विसरलात तर खाली अर्धचंद्राची सावली. वेगळा फ्लॅश छतावर मारायचा तर छत पांढरं आणि बुटकं हवं. मंडपाचं कापड जांभळं असेल तर नवरीही जांभळी.

शटरचं दुखणं आणखी वेगळं. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे बरेचसे दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. शटर 1/500 सेकंदच उघडं राहिलं तर कॅमेऱ्याला ही लबाडी दिसते आणि फोटोवर पट्टे उमटतात. 1/100 ला एक पूर्ण फेरा मावतो, पट्टे जातात. पण उडत्या अक्षतांच्या रेघा होतात. मी रेघा पत्करतो. त्या निदान अक्षता म्हणून खपतात.

आता खरी परीक्षा. अंतरपाट सरकल्यावर दोघं पहिल्यांदा एकमेकांकडे बघतात, ते दोन सेकंद. दोन्ही चेहरे सारखे दिसतात ते फक्त अंतरपाटाच्या रेषेत उभं राहिलं की, आणि त्या रेषेच्या टोकाला अंतरपाट धरून गुरुजी उभे! त्यांच्या खांद्याआडून जमवावं. त्या जागेवरून दोघंही आपल्यापासून सारख्या अंतरावर येतात, हा मोठा फायदा. 50 मिमीची लेन्स एफ/1.8 ला दोन मीटरवर साधारण 11 सेंटिमीटर जाडीचाच पट्टा स्पष्ट टिपते. तुम्ही तिरके उभे असाल तर नवरी स्पष्ट, नवरा अंधुक, आणि लग्न तिचं एकटीचंच लागल्यासारखं दिसतं. एफ/2.8 केलं तर थोडा श्वास घेता येतो.

मोड मॅन्युअलच, म्हणजे उजेडाचे सगळे आकडे आपण ठरवायचे. ऑटोत कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. चौकटीत पांढरा अंतरपाट भरला की त्याला वाटतं उजेड फार झाला. तो फोटो काळवंडवतो, चेहऱ्यांसकट. कापड सरकलं की पुन्हा गणित बदलतो. पहिल्या मंगलाष्टकाला नवरीमागे उभ्या असलेल्या मामाच्या चेहऱ्यावर चाचणी घ्यावी. तो हलत नाही, कारण त्याला हलायला जागा नसते. पुढे प्रत्येक "सावधान"ला अक्षतांची रंगीत तालीम आयतीच मिळते. गुरुजींच्या पांढऱ्या उपरण्याचाही एक फोटो घेऊन ठेवावा. ट्यूब, पिवळे बल्ब आणि व्हिडिओवाल्याचा दिवा यांची जी खिचडी होते, तिच्यातला खरा पांढरा नंतर तिथे सापडतो. अर्थात फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न शिजवलेल्या कच्च्या स्वरूपात, असतील तर.

फोकसचे सगळे बिंदू कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडले तर तो बहुधा सर्वांत जवळची वस्तू धरतो, म्हणजे पुढच्या चुलतभावाने उंचावलेला मोबाईल. एकच बिंदू निवडावा. कोऱ्या कापडावर लेन्स पुढे-मागे घरघरत राहते, तिला कडा लागतात. तेव्हा मुंडावळ्यांच्या मोत्यांवर बिंदू ठेवून बटण अर्धं दाबून धरावं. सतत पाठलाग करणारा फोकस इथे नको, तो अक्षतांच्या मागे लागतो. आणि सुरुवातीपासून धडाधड फोटो मारू नयेत. साध्या मॉडेलांत दहाएक रॉ फोटोंत बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण, भरतो, कॅमेरा विचारात पडतो, तेवढ्यात हार घालून झालेले असतात.

(मध्येच सगळं अंधुक दिसू लागलं तर घाबरू नका. "बघू रे जरा" म्हणत चष्मेवाल्या काकांनी व्ह्यूफाइंडरशेजारचं (डोळा लावायच्या खिडकीशेजारचं) चिमुकलं चाक फिरवलेलं असतं. फोटो ठीक येतात. चाक जागेवर आणावं.)

उरतो ग्रुप फोटो. एफ/5.6 ते 8, फोकस पुढच्या रांगेवर. एका तरी फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे यावेत म्हणून किती फोटो काढावेत, हे गणित ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी सोडवलं आणि 2006 चं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक) मिळवलं: माणसं विसाच्या आत असतील तर चांगल्या उजेडात संख्येला तिनाने भागा, कमी उजेडात दोनाने, तितके फोटो काढा. कार्यालयात भागायचं दोनानेच. सोळा माणसं, आठ फोटो. मात्र तिसऱ्या फोटोला कुणीतरी "पानं वाढलीत" म्हणतं आणि मागची रांग विरते. पाचव्याला मामा जातो, जिलबी गरम आहे म्हणून. आठव्याला नवरा-नवरी दोघंच उरतात. दोन भागिले दोन, एक.