‘चार झाडं लावली की खाण सुटली’: एवढं सोपं नाही

सध्या एक मजकूर जोरात फिरतो आहे: ‘खाणीची तपासणी हा निव्वळ देखावा. अधिकारी आधी कळवून येतात, कागद चाळतात, सही ठोकतात. खाण संपली की कंपनी चार झाडं लावते आणि जमीन पूर्ववत झाली म्हणून सगळे मोकळे.’ चीड समजू शकते. पण बाण भलतीकडेच लागलाय.

‘आधी कळवून येतात’ हे सरसकट खरं नाही. अमेरिकेतल्या कोळसा खाणींसाठीचा १९७७ चा कायदा बघा. चालू खाणीची सरासरी दर महिन्याला एक अंशतः आणि दर तिमाहीला एक संपूर्ण तपासणी तिथे बंधनकारक आहे. तीही ठरावीक दिवशी नाही आणि पूर्वसूचना न देता. लोकांच्या जिवाला तातडीचा धोका दिसला तर निरीक्षक जागेवरच काम बंद करायला लावतो.

कागद चाळतात? चाळायलाच हवेत. परवान्यासोबतचा नकाशा हातात नसेल तर जागेवर बघणार काय? खोदाई हद्दीच्या खांबांपलीकडे गेली का, डंपचा, म्हणजे खोदून काढलेल्या दगडमातीच्या ढिगाचा, उतार मंजुरीप्रमाणे आहे का, गाळाच्या तळ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सामू किती, हे सगळं कागद आणि जमीन शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. त्यातही वरची सुपीक माती वेगळी साठवली की ओव्हरबर्डनमध्ये, म्हणजे खनिजावरच्या टाकाऊ दगडमातीत, ढकलून दिली, हे मी सगळ्यात आधी विचारेन. बाकीच्या चुका पैसे ओतून बऱ्याच अंशी सुधारता येतात. एकदा मिसळलेली माती पुन्हा वेगळी काढता येत नाही.

आता झाडं. मजकुरातलं हे वाक्य सर्वात फसवं, कारण ते पटकन पटतं. मुळात हिरवं दिसणं म्हणजे पुनर्स्थापना नव्हे. डंपमधल्या दगडात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असेल तर हवा आणि पाणी लागून त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं. वर रोपं डोलत असतात आणि पायथ्याच्या ओढ्यात नारिंगी लोहयुक्त गाळ साचत असतो. म्हणून आधी खड्डा भरणं, उतार बसवणं, पाण्याचा निचरा, लागवड त्यानंतर. त्याच अमेरिकी कायद्यात कंपनीची हमी रक्कमही, म्हणजे जमीन पूर्ववत करण्याची हमी म्हणून आधीच द्यावी लागणारी रक्कम, याच क्रमाने सुटते: भराव, उतार आणि निचरा पूर्ण झाल्यावर ६० टक्क्यांपर्यंत, उरलेली हिरवळ टिकल्याचं दिसल्यावर. त्यासाठी ५ वर्षं थांबावं लागतं, आणि वर्षाला साधारण ६६० मिलिमीटर किंवा त्याहून कमी पाऊस असेल तिथे १०. खरी मेख पुढे आहे. मधेच पुन्हा बी पेरलं, खत घातलं किंवा वरून पाणी दिलं, तर साधारणपणे घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं. फोटोपुरती झाडं लावणाऱ्याला हा नियम परवडणारा नाही.

‘खाण संपली की’ हेही चूक. भारतात कोळसा आणि गौण खनिजं वगळून लागू असलेल्या २०१७ च्या खनिज संवर्धन आणि विकास नियमांत खाण चालू असतानाच टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आराखडा लागतो. अंतिम आराखडा प्रत्यक्ष बंदच्या दोन वर्षं आधी द्यायचा असतो.

मग व्यवस्थेत छिद्रं नाहीत का? आहेत, आणि मोठी आहेत. ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्योचं गाळधरण, म्हणजे खाणीतला टाकाऊ गाळ अडवणारं धरण, २५ जानेवारी २०१९ रोजी फुटलं, २७० माणसं गेली. त्या धरणाला स्थिर असल्याचं प्रमाणपत्र होतं, ते खाण कंपनीनेच नेमलेल्या सल्लागारांचं. अमेरिकेतही बड्या कोळसा कंपन्यांना रोख किंवा बँकेची हमी न देता स्वतःच्या ताळेबंदावर, म्हणजे निव्वळ आपल्या आर्थिक ताकदीच्या भरवशावर, हमी देण्याची मुभा होती. २०१५-१६ मध्ये त्यांतल्या काही एकामागून एक दिवाळखोरीत निघाल्या, तेव्हा त्या हमीची किंमत काय हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा गावाजवळच्या खाणीबद्दल विचारायचंच असेल तर झाडं किती लावली हे विचारू नका. हमीची रक्कम कोणाकडे आहे आणि प्रमाणपत्र देणाऱ्याचं बिल कोण भरतं, हे विचारा.