परीक्षा पास झाल्या, पुढे काय?

गेल्या आठवड्यात मावशींकडे गेले होते. वय साठीच्या पुढे. मार्चमध्ये त्या साक्षरतेची परीक्षा पास झाल्या. १५० मार्कांचा पेपर, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान. प्रमाणपत्र देव्हाऱ्याशेजारी लावलंय. घरात एक लग्नपत्रिका आली होती, ती त्यांनी मला हौसेनं वाचून दाखवायला घेतली. नवऱ्यामुलाचं नाव वाचलं, आणि 'ज्येष्ठ' या शब्दाशी अडल्या. बोट त्या अक्षराखाली तसंच थांबलं. मग पत्रिका घडी घालून ठेवत म्हणाल्या, "तवा येत होतं गं. गेलं आता."

मला फार लागलं ते. कारण वर्ग मीच घेतला होता आणि परीक्षेनंतर तो बंद झाला होता.

हा वर्ग केंद्राच्या उल्लास या प्रौढ साक्षरता योजनेतला. त्या योजनेवर माझा राग नाही. १५ वर्षांपुढच्या माणसांना शिकवायला कुणीतरी निघालंय, हे चांगलंच आहे. पण हिशेब बघा. २०२२ ते २०२७, पाच कोटी लोक, १०३७.९० कोटी रुपये. माणशी साधारण २०८ रुपये, तेही पाच वर्षांत मिळून. शिकवणारे आम्ही स्वयंसेवक, बिनमानधनाचे. निरक्षर माणसं शोधायच्या मोहिमेचं काम पुन्हा शाळेतल्या शिक्षकांवर, ज्यांच्या डोक्यावर आधीच ढीगभर कामं आहेत. अशा घडीत जो येतो तो परीक्षेपर्यंत पोचतो, पुढे त्याचं कुणीच उरत नाही.

आणि दर वेळी पाटी कोरी करून सुरुवात. १९७८ चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १९८८ चं साक्षरता मिशन, २००९ चा साक्षर भारत. त्या साक्षर भारतमध्ये ग्रामपंचायतीच्या लोकशिक्षा केंद्रावर प्रेरक होते, महिना २००० रुपये मानधनावर. तुटपुंजंच, पण गावात एक माणूस होता, ज्याच्याकडे नवसाक्षर पुन्हा जाऊ शकत होता. २०१८ मध्ये योजना गुंडाळली आणि ती माणसंही सुटली. त्यांचा अनुभव पुढच्या योजनेत आणायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

गंमत नाही, खरंच सांगते, धोरणात हे सगळं लिहिलेलं आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात प्रौढ शिक्षणाचं वेगळं प्रकरण आहे. साक्षरता हा त्यातला एक भाग. जीवनकौशल्यं, व्यवसायाचं शिक्षण, निरंतर शिक्षण हे पुढचे. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी वर्गखोल्या मोठ्यांसाठी वापराव्यात, ग्रंथालयं वापरावीत, असंही त्यात म्हटलंय. मग मोजताना फक्त पास झालेल्यांचा आकडा का मोजायचा? सहा महिन्यांनी त्यातल्या किती जणांना पत्रिका वाचता येते, हे विचारायला हवं. त्यासाठी पगारी माणूस हवा, आणि मोठ्या टायपातली, मोठ्यांच्या उपयोगाची पुस्तकं हवीत. बाराखडीची नाहीत, ती झाली त्यांची.

मावशींचा काल फोन आला. "वर्ग कवा भरायचा?" उद्या सकाळी मुख्याध्यापकांकडे जातेय, शाळेची किल्ली मागायला. शनिवार-रविवारची, दोन तासांची.